हेडलाइटला पॉलिश आणि प्रितेशचं स्थळ

कोणत्याही वस्तूची दुरुस्ती दोन कारणांनी होते: ती चालत नाही म्हणून, किंवा ती चारचौघांना दिसते म्हणून. पहिलं कारण कधीच तातडीचं नसतं.

गव्हाणच्या काशिरामशेठची पांढरी गाडी २००५ सालची. आठ वर्षं अंगणात ऊन खाऊन तिच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. (ही काच प्लास्टिकची असते, पण 'प्लास्टिक पिवळं पडलं' म्हटलं की घराची पत जाते, म्हणून काच.) या काळात गाडीने एक म्हैस, दोन मैलाचे दगड आणि सख्ख्या मेव्हण्याचं कुंपण यांना प्रत्यक्ष भेट दिली. "दिसला नाय," एवढंच काशिरामशेठ म्हणाले. रस्ता त्यांना पाठ होता. म्हशीला नव्हता, हा म्हशीचा दोष.

मग मुलाची, म्हणजे प्रितेशची, स्थळं मोडू लागली. वय एकतीस, बंदरात नोकरी, पगार वेळेवर. तीन ठिकाणी कांदेपोहे झाले आणि तिन्हीकडून "कळवतो" आलं. आमच्या भागात "कळवतो" म्हणजे कळवून झालं. कारण शोधलं प्रितेशच्या आईने, गोदूबाईंनी.

"त्यांचा मामा पाय मोकळे करायला म्हणून भायेर गेला ना, तो गाडीच बघून आला."

माझं निरीक्षण याला दुजोरा देतं. मी पाहिलेल्या अकरा कार्यक्रमांपैकी नऊ ठिकाणी मुलीकडचं एक ज्येष्ठ माणूस पाय मोकळे करायला गेलं आणि गाडीच्या काचेवर अंगठा फिरवून आलं. उरलेल्या दोघांना गुडघ्याचा त्रास होता. त्यांनी खिडकीतून पाहिलं. काच पिवळी म्हणजे गाडी जुनी, गाडी जुनी म्हणजे विकलेल्या जमिनीचे पैसे संपले, पैसे संपले म्हणजे मुलगा व्यसनी. तर्क निर्दोष आहे.

चौथं स्थळ खांदा कॉलनीतलं. मुलगी हेतल, बँकेत नोकरीला. तिचा फोटो पाहून प्रितेशने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला. घरच्यांनी प्रकरणाचं गांभीर्य ओळखलं.

नवे हेडलाइट बसवण्याची सूचना पहिल्याच बैठकीत फेटाळली गेली, कारण नवे डोळे लावले की बाकीची गाडी मयत दिसते. मग घरची टूथपेस्ट चोळली. (परिणाम: पुदिन्याचा वास, चार तास.) शेवटी नवीन पनवेलचा पॉलिशवाला गाठला. त्याने ओल्या पॉलिश पेपरने काचा घासल्या, रबिंग केलं, फडकं मारलं आणि विचारलं, "शेठ, वरून कोटिंग मारू? नायतर चार महिन्यांत परत पिवळी पडंल."

"लगीन दोन महिन्यांत लावतो," काशिरामशेठ म्हणाले. "कोटिंग नको."

रविवारी गाडी हेतलच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. तिचे मामा पाय मोकळे करायला उतरले, अंगठा फिरवला, वर आले आणि पोहे दुसऱ्यांदा मागितले. स्थळ जमल्यात जमा होतं.

एवढ्यात कुणीतरी म्हणालं, मुलामुलीला थोडं बोलू द्या. दोघं खाली गेली. हेतल गाडीपाशी थांबली.

"तुमचीच ना? काच एकदम क्लिअर आहे."

"काल पॉलिश केली," प्रितेश म्हणाला. खरं बोलण्याची त्याला जुनी खोड.

ती वाकली. "ड्रायव्हरच्या बाजूचा बल्ब काळा पडलाय. उडालाय का?"

तोही वाकला. बल्ब कधी गेला याची नोंद नाही. काच पिवळी असेपर्यंत ते दिसणं शक्यच नव्हतं. बहुधा म्हशीच्या आधी.

"मला आत्ता कळलं," तो म्हणाला.

"मग बदल ना. दहा मिनिटांचं काम." ती हसली. 'तुमची'वरून ती 'बदल'वर आली, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

वर येऊन हेतलने आईच्या कानात होकार दिला आणि बल्बचं मोकळेपणाने सगळ्यांना सांगितलं.

परतीच्या वाटेवर गाडीत "पोरीची नजर आत जाते," गोदूबाई म्हणाल्या.

"आज बल्ब बघितला, उद्या कपाट बघंल, परवा सातबारा," काशिरामशेठ म्हणाले. "असली सून आमाला पेलायची नाय."

सोमवारी गव्हाणहून खांदा कॉलनीत फोन गेला: "कळवतो."

"बाबा, निदान बल्ब तरी लावू," प्रितेश म्हणाला.

"लावायचा नाय. लावला तर ती बोलली ते खरं होतं, असं होईल."

हेतलचा नंबर प्रितेशने पुसलेला नाही, आणि फोनही केलेला नाही.

गाडी अजून रोज दिवेलागणीला पनवेलच्या रस्त्याने जाते. समोरून तिचा एकच दिवा दिसतो, तोही कडेच्या बाजूचा. तुम्हाला ती मोटारसायकल वाटेल आणि तुम्ही थोडी जागा सोडाल. मोटारसायकलवाल्याला आपण किती जागा सोडतो, हे तुमचं तुम्हाला ठाऊक.