ऐकू आल्यास बटण दाबावे

मनुष्याला दोन कान देण्यामागे निसर्गाचा हेतू स्पष्ट आहे: एका कानाने ऐकावे, दुसऱ्याने सोडून द्यावे. कान एकच असता तर ऐकलेले सगळे आत साठून राहिले असते आणि कोणाचाही संसार टिकला नसता.

मशीनवाल्याला हे सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं तो लोकांच्या कानात ऐकायची मशीन बसवत होता. दुकानाच्या मागे त्याची तपासणीची खोली होती. सहा बाय सहा, भिंतींना राखाडी स्पंज, दाराला काच, एक खुर्ची, तारेला लटकणारं एक बटण आणि समोर पाटी: 'ऐकू आल्यास बटण दाबावे.' दुकान बंद झालं की या खोलीत रॉक श्रवण मंडळाची बैठक भरे. सभासद तीन: मशीनवाला, टायरवाला आणि भूगोलाचे सर. खुर्ची एकच असल्याने अध्यक्षपद आळीपाळीने. मंडळाचा ठराव क्रमांक एक असा: ज्यात गिटार नाही ते संगीत नसून बोलणे होय.

एका सोमवारी मशीनवाल्याची भाची दुकानात आली आणि काउंटरवर पेन ड्राइव्ह ठेवला.

"मामा, माझा अल्बम. एकोणीस गाणी, चौऱ्याहत्तर मिनिटं. एका घरातला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस आहे. मधे थांबवायचा नाही."

"हिप हॉप?"

"हो."

"म्हणजे गाणार कुणीच नाही."

"मी बोलणार, तू ऐकणार. यातलं एक गाणं ठेवू की काढू, ते ठरत नाहीये. तू म्हणशील ते."

"कुठलं गाणं?"

"ऐकलंस तर कळेल. रविवारी येते."

एकुलती एक भाची. तिला पहिला हेडफोन त्यानेच घेऊन दिला होता आणि मत विचारायला ती दुसऱ्या कुणाकडे गेली नव्हती. मामाच्या शब्दावर एक गाणं जगणार किंवा मरणार होतं. तो हो म्हणाला. (तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. धाकटी बहीण, म्हणजे हिचीच आई. ती लिहीत नसे, निरोप बोलून पाठवी. आणि एकदा सुरू झाली की पाण्याची टाकी भरून वाहिली तरी थांबत नसे. नंतर ऐकू म्हणून त्याने फोन पालथा घातला.)

डावा कान

विशेष बैठक, मंगळवार. कार्यपद्धती: काही ऐकण्याजोगे ऐकू आल्यास बटण दाबावे.

निकाल: मशीनवाला शून्य. सर एक (अल्बम संपल्यावर). टायरवाला एक (डुलकी लागून बटणावर पडला).

मुख्य अडचण हातांची निघाली. रॉक ऐकताना सभासदांचे हात नसलेली गिटार वाजवत. इथे सहाच्या सहा हात बेकार झाले.

"शाळेत उभं केल्यासारखं वाटतंय," टायरवाला म्हणाला.

"यात म्हणे शब्द ऐकायचे असतात," सर म्हणाले.

"गाण्यातले?"

प्रश्न रास्त होता. वीस वर्षांत मंडळाने गाण्यातला शब्द ऐकला नव्हता. टायरवाल्याने स्वतःच्या लग्नात वाजवलेलं गाणं मुळात गळक्या छपराबद्दल आहे, असं सरांनी एकदा सांगितलं, तेव्हा तो आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. (त्याच्या बायकोला हे अजून माहीत नाही.)

उजवा कान

बुधवारी नियमावली झाली. मान वरखाली हलवू नये. हनुवटी किंचित पुढे काढावी, भाजीवाल्याने भाव जास्त सांगितल्यासारखी. हात खिशात. 'याला काय अक्कल लागते?' हे वाक्य बैठकीत एकदाच उच्चारता येईल. (ते पहिल्याच मिनिटाला संपलं.)

आणि मग अघटित घडलं. गुरुवारी सरांनी डोळे मिटून सांगितलं की चौथ्या गाण्यात ठेका शब्दांच्या एक पाऊल मागे चालतो. लंगडतो, पण पडत नाही. शुक्रवारी टायरवाला नवव्या गाण्याच्या तालावर चाकाचे नट आवळताना सापडला. त्या गाण्यात दुपारी जिना उतरणाऱ्या माणसावर पोरीने सोळा ओळी रचल्या होत्या आणि प्रत्येक ओळ एकेका पायरीवर संपत होती. मशीनवाल्याने मोजून पाहिलं. पायऱ्या त्याच्याच बहिणीच्या घराच्या होत्या. (फोन थरथरला. त्याने तो ड्रॉवरमध्ये टाकला. श्रवणात व्यत्यय नको.)

शनिवारी सातव्या गाण्यात एकाच बटणावर तीन अंगठे पडले.

सातव्या गाण्यात भाची बोलतच नव्हती. एक बाई बोलत होती. काही विशेष नाही, म्हणे. नळ दुरुस्त झाला. पडदे धुतले. पुन्हा, काही विशेष नाही. असं दोन मिनिटं, आणि मग अकरा सेकंद, लांबून, पुसट, पण शंकाच नको: गिटार.

ठराव एकमताने मंजूर: अल्बम थोर आहे. मात्र सातव्या गाण्यातली बाई काढावी आणि गिटार वाढवावी. (ड्रॉवर थरथरला.)

दोन्ही कान

रविवारी भाची आली. मामाने ठराव वाचून दाखवला. चौथ्या गाण्याचा ठेका, पायऱ्या, सगळं. पोरगी खुलली. मग सातव्याचं कलम आलं.

"बाई काढू?"

"लांबतं गं. तसा आवाज अस्सल आहे. कुठून आणलास?"

"आईच्या फोनमधून. ती आई आहे, मामा."

दाराआड कुजबुजलेला शब्द ऐकू आला की नाही, हे ठरवण्यात मशीनवाल्याची बावीस वर्षं गेली होती.

"तू आवाज बदललास," तो म्हणाला.

"एक अक्षरही नाही. तुला पाठवलेले निरोप आहेत. दोन वर्षांत एकशे चौदा. एकावरही ऐकल्याची खूण नाही."

"आणि गिटार?"

"तीही आईच. तोंडाने वाजवतेय. लहानपणी तू केरसुणी गळ्यात अडकवून वाजवायचास ना, ते. म्हणते, दादाला आठवत असेल."

तिने त्याला मागच्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं, हेडफोन डोक्यावर चढवला आणि बटण हातात दिलं. "आता सांग. ठेवू की काढू?"

काही विशेष नाही, बहीण म्हणाली. त्याने बटण दाबलं. नळ दुरुस्त झाला. अंगठा तिथेच राहिला. पडदे, काही विशेष नाही, मग ती अकरा सेकंदं. अंगठा वर आला नाही. (काही लोक बटण दाबून धरतात ते सोडतच नाहीत. अशी तपासणी रद्द समजावी, असा नियम आहे.)

भाचीने बाहेरून काचेतून पाहिलं आणि ड्रॉवर उघडून फोन आत त्याच्या मांडीवर आणून ठेवला.

या गोष्टीत फोन तीन वेळा थरथरला. तुम्ही वाचत असताना तुमचाही एकदा थरथरला. घरचंच कुणीतरी होतं. हे संपलं की बघू, असं तुम्ही म्हणालात.

संपलं.