निलगिरीवरची झोप

सावेडीच्या फ्लॅटमध्ये सकाळचे आठ वाजले तरी गावाहून आलेले वडील, आबा, उठेनात, तेव्हा सुनील दोनदा खोलीत डोकावून आला. श्रीगोंद्याला हा माणूस कोंबड्याच्या आधी उठून कोंबड्याला हाका मारणारा. त्यात मे महिन्याचा उकाडा. पण आबा मजेत घोरत होते.

ही करामत सुनीलच्या बायकोच्या, मोनिकाच्या, नव्या चादरीची. घरबसल्या चादरी विकायचा तिने नुकताच घाट घातला होता. मुलायम, थंडगार, घाम शोषणाऱ्या, झाडाच्या लगद्यापासून केलेल्या. नणंदेच्या, सृष्टीच्या, लग्नात द्यायच्या चादरी तिच्याकडून घ्यायच्या की बाजारातून, हे आबा ठरवणार होते. मोनिकाची ही पहिलीच ऑर्डर, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता.

"लई ग्वाड झोप लागली!" आबा उठले. "कशाची रं ही चादर?"

"झाडाच्या लगद्याची, आबा."

"कंच्या झाडाच्या?"

इथेच तर गोम होती. झाड होतं निलगिरी. आणि गावी शेजारच्या शेतातल्या श्रीमंत नावाच्या गड्याने बांधावर निलगिरी लावली म्हणूनच आपली विहीर आटली, असं आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. घरात निलगिरीचं तेलसुद्धा चालत नसे. सर्दी झाली तर नाक खुशाल गळू द्यायचं.

"चंदनाच्या," सुनील म्हणाला. मोनिका अंघोळीला गेली होती, म्हणून निभावलं.

निभावलं कसलं! आबांनी लगेच फोन लावला तो श्रीमंतलाच. दोघांचं भांडण जुनं, पण बोलणं एक दिवस चुकत नसे. भांडायचं तर बोलावं लागतंच.

"श्रीमंता, चंदनावर झोपलोय! तुझी निलगिरी घाल चुलीत!"

"थापा नको मारू. चंदनाची कुठं चादर असती व्हय? सूनबाईला दे."

आबांनी स्पीकर लावला. केस पुसत मोनिका बाहेर आली. सुनील मागून हातवारे करत होता, पण धंद्याचा विषय निघाला की तिला नवरा दिसत नसे.

"चंदन कुठलं, काका? निलगिरी!"

फोनमधून श्रीमंतचं हसू खोलीभर झालं. "सहादेवा, शेवटी माज्याच झाडानं झोपवलं न्हवं तुला?"

आबांनी फोन बंद केला आणि खाली विंचू निघाल्यासारखे चादरीवरून उठले. मोनिकाचा चेहरा उतरला, गेली ऑर्डर! तरी तिने धीर केला. "आबा, या कापडाला कापसापेक्षा पाणी कमी लागतं."

"निलगिरीला? पानी कमी?" आबांचा आवाज असा चढला, की सुनीलने पोह्यांची बशी मागे ओढली.

मग आबा एकदम थांबले. "ही करायला झाड तोडावं लागतं ना?"

"हो..."

"मंग लग्नाला येनाऱ्या समद्या पाव्हन्यांना एकेक दे! तुटू दे की निलगिरी!"

सुनीलला हायसं वाटलं. पण मोनिका पडली प्रामाणिक. गिऱ्हाइकाला अर्धवट सांगणं तिला जमेना. "पण आबा, जेवढी तोडतात तेवढी परत लावतात. म्हणूनच तर ही चांगली."

सुनीलने कपाळावर हात मारला. आबा चादरीवर वाकले. हात फिरवून पाहिला. भर उकाड्यात गार लागली.

"कुठं लावत्यात?"

"परदेशात. आपल्याकडे नाही."

"मंग त्यांच्या हिरीचं त्यांनी बघावं," म्हणत आबा पुन्हा आडवे झाले. "पाव्हन्यांचं ऱ्हाऊ दे, सृष्टीच्या तेवढ्या बांध. पडदा वढ, पोरी. अन् श्रीमंताचा फोन आला तर सांग, आबा फरशीवर झोपल्यात."