जोत्यावरचे सेक्रेटरी

आमच्या सोसायटीची पहिली मीटिंग झाली तेव्हा आमची बिल्डिंग गुडघ्याएवढी होती.

म्हणजे जोतं भरून झालं होतं, त्यातून सळया वर आल्या होत्या आणि बाकीचे चौदा मजले अजून हवेतच होते. त्या हवेत नवव्या मजल्यावर माझाही एक फ्लॅट होता. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं ती. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो आणि कोपरखैरण्याला भाड्याच्या खोलीत राहायचो. बुकिंग केल्यावर एका रविवारी बायकोला म्हटलं, "सुनीता, चल, आपलं घर बघून येऊ."

"बघायला काय आहे तिथं?" ती म्हणाली. तरी आली.

तिथं एक गृहस्थ उभे होते. साठीच्या आसपासचे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, डोक्यावर पांढरी कापडी टोपी आणि काखेत एक जाडजूड रजिस्टर. आम्हाला बघताच त्यांनी विचारलं, "कितवा?"

"काय कितवा?"

"मजला हो!"

"नववा. नऊशे तीन."

त्यांनी रजिस्टर उघडलं, पानावरून बोट फिरवलं आणि हात पुढं केला. "दहाशे तीन. सरखोत. आपण शेजारी." मग सुनीताकडे वळून म्हणाले, "वहिनी, या ना कधी वर चहाला." आणि बोट सरळ आभाळात. सुनीतानं खरंच वर बघितलं. तिथं एक घार फिरत होती.

युसुफ सरखोत मूळचे म्हसळ्याकडचे. मालवाहू जहाजांवर तीस वर्षं स्टुअर्ड म्हणून, खलाशांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था बघत काढलेली. जहाजावर कोण कुठं झोपणार, कोणाची ड्यूटी कधी, आणि बुडायची पाळी आलीच तर कोणी कुठल्या होडीत उडी मारायची, हे सगळं म्हणे बंदर सोडायच्या आधी ठरलेलं असतं. "मग बिल्डिंगचं का नाही ठरवायचं? खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. एवढं सगळं एकावर एक चढणार, आणि माणसांनी एकमेकांची तोंडं कधी बघायची? लिफ्ट बंद पडल्यावर?"

ते दर रविवारी सकाळी साइटवर येऊन उभे राहायचे. आपलं घर बघायला जो कोणी यायचा, तो त्यांच्या रजिस्टरात जायचा. दोन महिन्यांत त्यांनी तीसेक कुटुंबं गोळा केली, सोसायटी स्थापन केली आणि स्वतःच सेक्रेटरी झाले. आमच्यापैकी कोणीही त्यांना निवडून दिलं नव्हतं. पण विरोध करायचा तर त्यांची अट एकच असायची, "तोंडी नको, लेखी द्या." आणि लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच.

मीटिंगला बसायची पद्धतसुद्धा त्यांचीच. दुकानवाले जमिनीवर, ऑफिसवाले विटांच्या एका थरावर, मग मजला वाढेल तशा विटा वाढायच्या. मी नववा म्हणून माझं बूड जमिनीपासून चांगलंच वर असायचं आणि दर पाच मिनिटांनी विटा डुगडुगायच्या. चौदाव्या मजल्याच्या एका आजोबांना खडीच्या ढिगावर बसवलेलं. त्यांना खालचं काही ऐकू यायचं नाही.

"चौदाव्या मजल्यावरून असंच होणार," सरखोत समजावून सांगायचे. "आत्तापासून सवय करा."

पहिलं भांडण झालं ते चक्कीवरून. दुकान नंबर चार हौसाबाईंचं. हौसाबाई साताऱ्याकडच्या, नवरा घाऊक मार्केटात माथाडी होता, तो गेल्यावर साइटजवळच्याच बोनकोड्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पिठाची चक्की चालवली आणि त्यातून हे दुकान बुक केलं. त्यांच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना येणार होता. डॉक्टर विटेवरून उठून म्हणाले, "खाली चक्की सुरू झाली तर माझा हात हलेल. माझा हात हलला तर पेशंटचं काय होईल याची कल्पना आहे तुम्हाला?"

हौसाबाईंनी पदर खोचला. "आवं डाक्टर, आदी भिंत तरी हुंद्या, मग ती हादरल!"

पण सरखोत हसले नाहीत. त्यांनी तीन रविवार त्यावर चर्चा घेतली. शेवटी असं ठरलं, की दाढ काढायची असेल तेव्हा डॉक्टरांनी वरून घंटी वाजवायची आणि हौसाबाईंनी चक्की थांबवायची. हे लेखी झालं. नसलेल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी आणि नसलेल्या चक्कीच्या मालकिणीनं त्याखाली सह्या केल्या. वर त्यांनी हात जोडून एकमेकांना नमस्कारही केला.

मग आला फॉर्म. सायक्लोस्टाइल केलेली तीन पानं. घरात माणसं किती, म्हातारं कोण, कोणाला दम्याचा त्रास, कोणाला साखर, रक्तगट कोणता, गावाकडचा पत्ता, आणि शेवटी एक प्रश्न होता: "दिवसा घरात एकटं कोण असतं? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?"

सुनीतानं तो प्रश्न वाचला आणि फॉर्म माझ्यापुढं धरला. "अहो, हा माणूस घरफोड्या तर नाही?"

"घर कुठाय फोडायला?"

"होईल तेव्हासाठी यादी करत असेल."

मला हसू आलं, पण मीही तो रकाना कोराच ठेवला. पुढच्या रविवारी सरखोतांनी फॉर्म परत दिला. "नऊशे तीन, अपुरा आहे." मी भरला. त्यांच्यापुढं इलाज नसायचा.

सातवा स्लॅब टाकून झाला आणि काम थांबलं.

बिल्डर म्हणजे दोन भागीदार. त्यांचं आपसात बिनसलं आणि ते एकमेकांशी बोलेनासे झाले. एका रविवारी गेलो तर मिक्सर गप्प, कामगार गेलेले, स्लॅबला टेकू दिलेल्या सेंट्रिंगच्या बल्ल्या तशाच उभ्या. एक महिना गेला, चार गेले, पावसाळा आला. सळयांवर गंज चढला, जोत्याभोवती बेडकं ओरडायला लागली. मीटिंगला येणारे तिसाचे बारा झाले, बाराचे पाच. शेवटी उरलो तिघे: सरखोत, हौसाबाई आणि मी. विटांच्या थरांची गरज उरली नाही. आम्ही आपले एकाच उंचीवर बसायचो.

त्यातच आमच्या घरमालकानं खोली सोडायला सांगितलं. सुनीताला सातवा महिना. मी त्या रविवारी गेलो तो भांडायच्या तयारीनंच.

"सरखोतसाहेब, बंद करा आता हे! बिल्डिंग नाही, काही नाही, कसली सोसायटी चालवताय? माझी बायको पोटुशी आहे, मला पंधरा दिवसांत खोली सोडायचीय, आणि तुम्ही मला पार्किंगचे नियम वाचून दाखवताय!"

सरखोतांनी टोपी काढली, परत घातली. मग रजिस्टर मिटून हौसाबाईंकडे बघितलं.

"चार नंबर, तुमच्या चक्कीच्या मागं एक खोली आहे ना?"

"हाय की. पोती ठेवल्याती." हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "आरं मग बोलायचं न्हाई व्हय? पोती काय, पडवीत ठिवीन. बाळंतपण व्हईस्तवर पोरगी माझ्याकडं राहील. आन तूबी."

आम्ही बोनकोड्यात राहायला गेलो. दिवसभर भिंती थरथरायच्या, कपबशा आपोआप सरकायच्या, आणि घरात कशालाही हात लावला की पांढरा व्हायचा. आमची मुलगी तिथंच झाली. हौसाबाईंनी तिला तेल लावलं, न्हाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी सरखोत आले ते दारातूनच म्हणाले, "रक्तगट बघितला का?"

मला वाटतं, त्या खोलीतूनच पुढचं सगळं झालं. काम थांबल्यावर मीटिंगला यायचं सोडलेल्या एकेकाच्या घरी सरखोत जायला लागले. पत्ते होतेच त्यांच्याकडे. कधी मी बरोबर असायचो. ते बिल्डरचा विषयच काढायचे नाहीत. विचारायचे, "आईची साखर कशी आहे?" किंवा "मुलाचा दमा?" माणसं आधी चमकायची, मग घरात घ्यायची. निघताना सरखोत सांगायचे, "येत्या शनिवारी वाशीला, बिल्डरच्या ऑफिसात. दुपारी तीन."

शनिवारी सत्तावीस जण आले. ऑफिसातल्या पोरांना काही कळायच्या आत सरखोतांनी आम्हाला मजल्याप्रमाणं बसवलं. दुकानवाले सतरंजीवर, ऑफिसवाले सोफ्यावर, आम्ही वरचे जिन्याच्या पायऱ्यांवर. चौदाव्याचे आजोबा पार गच्चीच्या दाराशी. मोठे शेठ केबिनमधून बाहेर आले. आम्ही एकेक करून उठून नंबर सांगितला. "दुकान चार." "एकशे एक." "नऊशे तीन."

मोठे शेठ गोंधळले. इतकी वर्षं बिल्डिंगा बांधल्या, पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे नेहमी एकेकटं यायचं. "तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता?"

"रक्तगटासकट," सरखोत म्हणाले.

मोठे शेठ म्हणाले, त्यांची तयारी आहे, धाकटे ऐकत नाहीत. धाकटे शेठ शेजारच्याच केबिनमध्ये होते. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं. "मी त्यांच्याशी बोलणार नाही," दोघंही म्हणाले.

"कोण सांगतं बोला म्हणून?" सरखोतांनी खिशातून पेन काढलं. "तोंडी नको. लेखी द्या."

मग तीन ते सहा, तीन तास, हा माणूस या केबिनमधून त्या केबिनमध्ये चिठ्ठ्या नेत होता. ताठ मानेनं, हातात ट्रे असल्यासारखा. एकेक चिठ्ठी आधी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायची, मग आत. बारावी की तेरावी, मोठ्यांची चिठ्ठी वाचून धाकटे शेठ तणतणत बाहेर आले. "अरे, पण मी असं कधी म्हटलं?" मोठे शेठही दारात आले. "तूच म्हणालास!" आणि दोघं आमच्या देखत कडाकडा भांडायला लागले.

हौसाबाई सतरंजीवरून उठल्या. "भांडा बाबांनो, पोटभर भांडा. पर ततं साइटवर मिक्सर चालू करा, मग त्येच्या आवाजात भांडा. आमाला ऐकू बी येनार न्हाई."

सगळं ऑफिस हसलं. धाकटे शेठही हसले, मग मोठ्यांना हसावंच लागलं. लगेच काही झालं नाही. पण दिवाळीनंतर एका सकाळी बोनकोड्यातल्या खोलीत माझ्या कानावर मिक्सरचा आवाज आला, आणि मी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून बघायला धावलो.

पुढं दीड-दोन वर्षांनी आम्ही राहायला आलो. हौसाबाईंच्या चक्कीला गोंड्याचं तोरण, डॉक्टरांच्या दारात खरीखुरी घंटी. ट्रकमागून ट्रक येत होते, कपाटं लिफ्टमध्ये मावत नव्हती, आणि सरखोत प्रत्येकाला नंबरानं हाक मारत वर-खाली करत होते. त्यांचं स्वतःचं सामान संध्याकाळी आलं. एक ट्रंक, एक वळकटी, एक घडीची खुर्ची.

सुनीतानं त्यांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं. टेबल नव्हतंच, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती. भात वाढता वाढता ती सहज म्हणाली, "चाचा, बाकीची मंडळी मागून येणार का?"

"कोणी नाही वहिनी." सरखोत थोडा वेळ भात कालवत राहिले. "हलीमा गेली तेव्हा मी जहाजावर होतो. बंदराला लागल्यावर तार हातात पडली. घरी पोचलो तोवर पंचवीस दिवस होऊन गेलेले. माझगावला चौथ्या मजल्यावर आमची खोली होती. मजल्यावरच्या लोकांनी सगळं केलं. डॉक्टर आणला, उशापायथ्याशी बसले, मातीसुद्धा त्यांनीच दिली. मी आभार मानायला दारोदार गेलो, आणि प्रत्येक दारात मला विचारावं लागलं, माफ करा, आपलं नाव काय? अकरा वर्षं माझं घर होतं त्या मजल्यावर."

सुनीतानं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"तिला शेवटचं पाणी समोरच्या खोलीतल्या बाईनं पाजलं म्हणे. ती बाई तोवर खोली सोडून गेली होती. कुठं गेली, कोणाला माहीत नाही. नावसुद्धा कोणाला नीट येईना. सगळे आपले 'समोरची भाभी' म्हणायचे. मी पुष्कळ शोधली." त्यांनी घास उचलला, पण तोंडात घातला नाही. "भात छान झालाय, वहिनी."

सुनीतानं मुलीला मांडीवर ओढून घेतलं आणि बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत बसली. सरखोत हात धुऊन दाराकडे निघाले तेव्हा ती उठली.

"चाचा, आमच्या डोक्यावर तुमचं घर. वर कोण चाललं ते आम्हाला खाली ऐकू येतं. सकाळी तुमचा पाय वाजला नाही, तर मी वर येऊन दार ठोकणार. सांगून ठेवते."

सरखोतांनी तिच्याकडे बघितलं. मान हलवली आणि जिन्यानं वर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी दचकून उठलो. वर कोणीतरी चालत होतं. चालत कसलं, कवायत करत होतं. कुठून मिळवल्या होत्या कोण जाणे, पण पायात नक्की लाकडी तळाच्या सपाता होत्या. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत धप, धप, धप. मग परत. मुलगी जागी होऊन रडायला लागली. मी उशी कानावर दाबली आणि म्हटलं, "अगं, हे काय लावलंय यांनी?"

सुनीतानं डोळे न उघडताच मुलीला थोपटलं.

"उठले चाचा," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपून गेली.