देवमनरावांच्या बोटाला रोटर

"एकही धक्का न मारता अमरावती गाठतो! नाही गाठली तर नावाचा देवमन नाही!"

अकोल्यातल्या अख्ख्या गल्लीनं हे ऐकलं. गल्लीला हसू आवरेना. याच गाडीला धक्के मारून तिथल्या अर्ध्या लोकांच्या कमरा गेल्या होत्या!

अट अमरावतीच्या लेकीची, प्रणालीची होती. रविवारी गाडीनं जेवायला या. वाटेत कोणी एकदा जरी ढकलली, तर सोमवारी गाडी भंगारात! देवमनरावांचा जीव त्या गाडीत अडकलेला. बायको सुंदराबाई जाऊन दोन वर्षं झाली, तरी शेजारच्या सीटवर त्यांची उशी तशीच होती. तिथं ते कोणाला बसू देत नसत. साक्षीदार म्हणून निघालेले शेजारी बुधाजीही गुपचूप मागं बसले.

मूर्तिजापूरच्या अलीकडं गाडीला उचक्या लागल्या आणि ती थांबली.

"रोटर लटलट करून रायला," बोनेट उघडून देवमनराव म्हणाले.

डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या डबीत हा रोटर फिरतो आणि पंगतीत वाढपी भात वाढतो तशी एकेका प्लगला ठिणगी वाढतो. तो दांड्यावर ढिला झाला होता. सुंदराबाईंनी कधीकाळी आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी खाली घालून तो घट्ट बसवला होता. ती सरकली होती.

"चिंधीच परत घाल ना बे!" बुधाजी म्हणाले.

"चिंधीचे दिवस गेले! पक्कं काम करतो!"

चिंधी त्यांनी जपून शर्टाच्या खिशात ठेवली. पँटच्या खिशातून झटपट चिकटणारा गोंद काढला, रोटरला लावला, ट्यूब परत खिशात टाकली. डाव्या हातातला रोटर बसवणार, तेवढ्यात फोन!

"बाबा, कुठवर आले?"

"आलोच! तू भाकरी टाक!"

फोन ठेवला तोवर रोटर पक्का बसला होता. बोटावर!

बुधाजींनी जोर लावला.

"हळू ना बे! तुटंल!"

"बोट नाही तुटत."

"बोटाचं कोण बोलून रायलं? रोटर बाजारात भेटत नाही!"

"मंग आता डबीत बोट घालून बसतं काय अमरावतीपर्यंत?"

एवढ्यात श्याम नावाचा ट्रॅक्टरवाला थांबला. "काका, ढकलू काय?"

"हात नको लावू!" दोघंही एकदम ओरडले.

शेवटी दोर बांधला. ट्रॅक्टर पुढं, गाडी मागं. उजव्या हातात स्टिअरिंग, डावं बोट वर! बडनेऱ्यात लोकांना वाटलं, कोणी उमेदवार आला. दोघा-तिघांनी तर हार आणायची तयारी केली!

प्रणाली दारातच उभी होती. "हारले, बाबा!"

"कोणी ढकललं? इचार बुधाजीले!"

"नाही बापा," बुधाजी गंभीरपणे म्हणाले, "ढकलली नाही. ओढली."

प्रणालीनं कपाळावर हात मारला. गरम पाणी, साबण, गोडेतेल... बऱ्याच वेळानं बोट सुटलं. मग वडिलांच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारी हिरवी चिंधी तिला दिसली. आईचं लुगडं तिनं ओळखलं आणि जाऊन बोनेट उघडलं. तिनं चिंधीची घडी करून दांड्यावर ठेवली, वर रोटर दाबला, चावी फिरवली.

एका झटक्यात गाडी चालू!

"पाह्यलं?" देवमनराव उजवा हात खिशात घालून ऐटीत उभे राहिले. "तुह्या मायचं काम कसं पक्कं असते!"

"राहू द्या गाडी," डोळे पुसत, हसत प्रणाली म्हणाली. "पन वचन द्या. गोंदाले पुन्हा हात लावायचा नाही. द्या हात!"

देवमनराव वचन द्यायला एका पायावर तयार होते. पण हात खिशातून निघेना.

ट्यूबचं झाकण लावायचं राहून गेलं होतं.