रामटेक प्रांती डिझेलावरील स्वारी

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आश्विन मासी, नागपुराहून रामटेक प्रांती डिझेलावर जी मोहीम जाहली, तिची हकिकत, नायकाची फजिती न झाकता, लिहिली ती ऐसी.

खासे डॉक्टर गिरिधरराव म्हणजे समुद्रावर सांडलेले तेल कोठे जाईल, किती पसरेल, किती उडोन जाईल, याचे भाकीत करणारे वजीर. मुक्काम नागपूर. समुद्र जन्मात पाहिला नाही, परंतु संगणकात अष्टौप्रहर खवळलेला ठेविला होता. तो खबर आली की, रामटेकेजवळ रस्ताकामाचे डिझेलचे पिंप गडगडोन तळ्यात फुटले, आणि त्याच तळ्यात प्रयागबाईचा शिंगाडा काढणीस आला आहे, वेलास तेल लागले तर बाईचे वर्ष बुडाले. मग रावांस स्फुरण चढले, आणि लॅपटॉप, तेल अडविण्याच्या तरंगत्या पट्ट्या, छत्री, डबा ऐसा सरंजाम घेवोन टेम्पोने दरकूच निघाले.

तळ्याचे पाळीवर, म्हणजे बांधावर, डेरा देवोन गणित मांडिले की, वाऱ्याचे शंभर पावलांस तेल तीन पावले चालते, आणि फर्माविले की, गनीम दक्षिणेस येईल, सबब तरंगत्या पट्ट्यांची तटबंदी तेथेच बांधावी. तटबंदी जाहली, आणि सारे गाव वाट पाहात बसले, आणि चहा जाहला, आणि तेल मात्र सप्तरंगी निशाणे मिरवीत सरळ शिंगाड्याकडे चालिले. हे काहून, ऐसी प्रयागबाईने विचारणा केली. रावांनी संगणक पाहोन अर्ज केला की, भरतीमुळे ते वळावयास हवे होते.

बाई म्हणाली, "साहेब, ह्या तळ्याले भरती येत असती, तं मासोळ्या आमच्या चुलीपाशीच येऊन नसत्या पडल्या का?"

रावांस धरणी दुभंगेल तर बरे ऐसे जाहले. समुद्राचे गणित तळ्यावर चालविले, भरती बंद करावयाची राहिली, आणि ती बंद करण्याची कळही ठाऊक नव्हती.

मग बाईने तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, मूठ पाण्यात टाकिली, ती कोणीकडे वाहते पाहिले, आणि हुकूम सोडिला की, गेल्या साली रचलेला तणसाचा ढीग फोडा. मग धानाच्या तणसाचे जाड दोर वळोन वेलांपुढे आडवे टाकिले, आणि खासे वजीर पँट दुमडोन कमरेइतक्या पाण्यात दोर ओढते जाहले, आणि तिसरे प्रहरापर्यंत निम्मे तेल तणसाने प्याले, उरले ते उन्हाने उडविले.

आठा रोजांनी शिंगाडा निघाला. बाईने पहिला उकडोन रावांचे हाती दिला. तेलाचा वास नाही ऐसे शाबीत जाहले, आणि रावांस रडू आले. मग त्यांनी कचेरीस अहवाल धाडिला, आणि 'वापरलेली प्रणाली' या रकान्यात स्वदस्तुरे लिहिले : प्रयागबाई. मोहीम फत्ते, येणेप्रमाणे दर्ज असे.