आधी रंग की आधी जोडणी: चौदा महिन्यांचा अहवाल

कोणतंही काम सुरू करण्यापूर्वी ते कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवावं लागतं. आणि क्रम एकदा नीट ठरवायला घेतला, की काम करण्याची फारशी गरज उरत नाही.

सदर या वस्तीतल्या आमच्या लघुवाहन प्रतिकृती मंडळाने हे तत्त्व जितक्या निष्ठेने पाळलं, तितकं क्वचितच कोणी पाळलं असेल. मी मंडळाचा चिटणीस आहे आणि भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे, त्यामुळे आकडे तपासूनच देतो. सभासद ३८. त्यांच्याकडचे मॉडेल किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटी गाडी बनवण्याचे खोके, ६१. त्यांपैकी उघडलेले ४. (एक सक्करदऱ्यात, उंदरांनी.) पूर्ण झालेल्या गाड्या शून्य. चर्चेचे तास ५१२, चहा वगळून.

प्रश्न एकच: गाडी आधी रंगवायची की आधी जोडायची? आधीवाद्यांचे नेते जितेंद्र म्हणतात, जोडल्यावर आतल्या सीटपर्यंत ब्रश जात नाही. नंतरवाद्यांचे नेते अमोल म्हणतात, रंगवलेल्या कडांना ग्लू धरत नाही. दोघांचंही म्हणणं पूर्ण खरं आहे, म्हणून तर वाद टिकला. (एक जण जरी खोटं बोलत असता तरी आठवड्यात मिटला असता.)

प्रयोग करून पाहू, अशी एक उथळ सूचना आली होती. ती मीच फेटाळली. खोका एकदा उघडला की तो न उघडलेला राहत नाही. म्हणजे तोच प्रयोग त्याच खोक्यावर पुन्हा करता येत नाही. विज्ञानात हे बसत नाही.

अशा भरभराटीच्या काळात रुपराव आले. भिवापूर तालुक्यात एकतीस वर्षं सरकारी जीप चालवून निवृत्त झालेले. बगलेत तशाच जीपचा खोका, सोबत पत्नी मनकर्णाबाई. रुपरावांचा उजवा हात टेबलावर ठेवला तरी थोडा हलत होता.

"मले येवढंच सांगा जी," ते म्हणाले, "आधी रंग माराचा का आधी जोडाची? डॉक्टर म्हनते, हे थरथरनं वाढतच जाईन. त्याच्या आधी माह्या हातानं माही जीप झाली पाहिजे."

मी मंडळाची घटना चाळली. खोका उघडण्याच्या इराद्याने हा प्रश्न कोणी विचारेल, अशी तरतूद घटनेत नव्हती.

मनकर्णाबाई उमरेडच्या विणकर घरातल्या. त्या म्हणाल्या, "याच्यात काय विचाराचं, बाप्पा? चौकडीचं लुगडं विनाचं असलं तं आमी सूत आधी रंगवो. विनल्यावर एकेका धाग्यापाशी हात जाते का? जिथं मंग हात जानार नाही थे आधी रंगवा, बाकी मंग. जोडाच्या कडा कोऱ्या ठेवा. झालं."

इतिवृत्तात नोंद झाली: 'सौ. मनकर्णाबाई यांनी हातमागाविषयी माहिती दिली. आभार.' (त्या सभासद नव्हत्या. शिवाय सूत आणि प्लास्टिक यांच्या संबंधाबाबत त्यांनी एकही संदर्भ दिला नव्हता.)

"चला घरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आजच बसू."

"थांब वं. शिकलेले लोक हायेत, कागदावर देतो म्हनते."

एकतीस वर्षांत सहीच्या कागदाशिवाय रुपरावांनी जीप हलवली नव्हती. ही तरी कशी हलवणार?

समिती नेमली. प्रश्नावली काढली. प्रश्नावली आधी वाटायची की आधी छापायची, यावर उपसमिती नेमली. रुपराव प्रत्येक सभेला येत. पहिल्या सभेत ते चहाचा कप एका हाताने धरत होते, सहाव्या सभेत दोन्ही हातांनी. अकराव्या सभेपासून कप टेबलावरच ठेवून, खाली वाकून पीत. (तक्ता: परिशिष्ट ब.)

चौदाव्या महिन्यात अहवाल आला. पाने २१२, संदर्भ ८६. निष्कर्ष: जोडणीनंतर ब्रश पोहोचणार नाही असे भाग आधी रंगवावेत, उर्वरित नंतर, जोडाच्या कडा कोऱ्या ठेवाव्यात. टाळ्या झाल्या. पहिली प्रत रुपरावांना दिली. पंखा बंद होता, तरी पानं बराच वेळ फडफडत राहिली.

"हे तं मी तवाच सांगतलं होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"हो, पण तेव्हा संदर्भ नव्हते," मी म्हणालो.

जीप झाली. भाग जोडले मनकर्णाबाईंनी, रंगही त्यांनीच दिला. कुठे काय ते रुपराव सांगत गेले. फक्त नंबर प्लेट त्यांनी स्वतः लिहिली, मनकर्णाबाईंनी मनगट धरून ठेवलं तेव्हा. शेवटचा आकडा एक आहे की सात, ते कळत नाही.

वार्षिक प्रदर्शनात सत्तावन्न बंद खोके आणि ती जीप मांडली होती. पहिलं बक्षीस जितेंद्र यांच्या खोक्याला मिळालं. (वेष्टन शाबूत.) जीप अपात्र ठरली: नंबर अवाच्य. रुपरावांनी निकाल लेखी मागितला. आम्ही तत्काळ दिला. या बाबतीत मंडळ तत्पर आहे.

आता तुमच्याविषयी. तुमच्याही कपाटावर एक खोका आहे. किटच असेल असं नाही. हार्मोनियम चालते, अर्धवट भरलेला फॉर्मही चालतो. मनकर्णाबाईंचं उत्तर तुम्ही मघाशीच ऐकलं होतं. ते पटलंही होतं. तरी तो खोका काढायला न उठता, अहवाल काय म्हणतो ते बघायला तुम्ही इथपर्यंत थांबलात.

सभासद क्रमांक ३९ तुमच्या नावे नोंदवला आहे. सभा पहिल्या रविवारी. चहा असतो.