हंबीररावांची तेरावी सूचना

हंबीररावांच्या विजेच्या करवतीनं आजवर कुणाचं नखसुद्धा कापलेलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. उचगावात याबद्दल भलतंसलतं बोललं जातं!

ब्याऐंशी साली हंबीरराव बिद्रीच्या साखर कारखान्यातून रिटायर झाले. स्टोअरकीपर होते. ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’ असं लोकांना सांगण्यात अठरा वर्षं गेली, आणि घरी आल्यावर त्यांना कुणी काही विचारीनाच. शालूबाई तर त्यांनाच ‘चुलीपासनं जरा सरका’ म्हणू लागल्या. माणूस आतून खचला. तेवढ्यात जयसिंगपुरात एक लाकडाची वखार मोडीत निघाल्याचं कळलं आणि हंबीरराव टेंपोतून करवत घेऊन आले. लोखंडी टेबल, मधून वर आलेलं परातीएवढं गोल पातं, खाली मोटर. परड्यातल्या, चुलीच्या जळणासाठी थापलेल्या शेणींच्या खोलीत करवत गेली, शेणी बाहेर आल्या.

“अगं, शिस्तीत वागलं की मशीन म्हंजे गाय हाय गाय!” हंबीरराव म्हणाले.

शालूबाईंनी गायीची लाथ खाल्लेली होती. त्यांनी एकच अट घातली. “त्या खोलीत रगताचा एक थेंब जरी सांडला, तर त्याच दिवशी ही बया घराभायेर!”

नुसतं ‘मान्य’ म्हणून थांबतील तर ते हंबीरराव कसले! त्यांनी एका फळीवर लाल रंगानं बारा सूचना रंगवल्या आणि बायकोची अट पहिल्या नंबरला घेतली : ‘१. या खोलीत रक्त सांडल्यास करवत त्याच दिवशी घराबाहेर जाईल.’ दोन, सैल कपडे घालू नयेत. म्हणून ते धोतर सोडून मेव्हण्याच्या खाकी अर्ध्या चड्डीत काम करू लागले. चार, मशीनपासून पाच फुटांच्या आत कुणी उभं राहू नये. त्यासाठी जमिनीवर चुन्याचं रिंगण आखलं. बारा, काम नसताना प्लग काढून ठेवावा.

आठ महिन्यांत अकरा पाट झाले. एकही पाट चारी बाजूंनी जमिनीला टेकत नव्हता, पण हंबीररावांची दहाच्या दहा बोटं जागेवर होती. शेजारचे लालासाब पिढीजात सुतार. त्यांची साडेनऊच होती. येणाऱ्याजाणाऱ्या पावण्यांना हंबीरराव हा फरक आवर्जून दाखवत.

“आण्णा, बोटं झ्याक हायती,” लालासाब म्हणायचे. “जरा पाटाचं बगा की.”

मग खंडेनवमी आली, अवजारांच्या पूजेचा दिवस. सकाळपासून लाईट गेली होती. हंबीररावांनी करवत पुसली, झेंडूची माळ घातली, आणि त्यांचं लक्ष लोंबकळणाऱ्या प्लगकडे गेलं. पूजेला अवजार पुरं लागतं! दांडा निघालेली कुदळ कुणी पूजतं का? त्यांनी प्लग भिंतीत बसवला. लाईटच नव्हती, त्यामुळं बाराव्या सूचनेला काही धक्का लागतोय असं त्यांना वाटलं नाही. मग पात्याला, टेबलाला, मोटरला हळदकुंकू झालं. बटणानं काय घोडं मारलंय? त्यालाही अंगठ्यानं कुंकू लावलं. चांगलं दाबून.

टेबलावर पात्याला टेकून नारळ ठेवला, शेजारी कुंकवाची वाटी. शालूबाई, लालासाब आणि शेजारच्या बयाबाई या तिघांनाही त्यांनी रिंगणाबाहेर उभं केलं. स्वतः आरतीसुद्धा रिंगणाबाहेरूनच, हात लांबवून ओवाळत होते.

“अवो, जरा म्होरं व्हा की,” शालूबाई म्हणाल्या. “उदबत्तीचा वास तरी जाऊ दे तिला!”

“चार नंबर वाच!”

तेवढ्यात लाईट आली.

करवत फिरली. माळेचा भुगा झाला. वाटी उडाली आणि सगळं कुंकू हंबीररावांच्या तोंडावर, छातीवर आलं. नारळ त्यांच्या कानाजवळून गेला, मागच्या भिंतीवरच्या फळीवर फुटला, आणि बाराच्या बारा सूचना धाडदिशी खाली आल्या.

“रगात! हंबीरराव चिरलं गं बाई!” बयाबाई ओरडत गल्लीत पळाल्या.

शालूबाईंनी भिंतीच्या कडेकडेनं जाऊन प्लग उपसला. लालासाबांनी खोबऱ्याचा तुकडा उचलून पुसला. “नारळ फुटला, आण्णा. पूजा पावली.”

पाच मिनिटांत गल्ली परड्यात जमा झाली. एकानं तर दवाखान्यात न्यायला बैलगाडीच जुंपून आणली. दोन तुकडे झाल्याचं बयाबाईंनी नक्की सांगितलं होतं, त्यामुळं हंबीरराव अखंड बाहेर आलेले पाहून लोक जरा नाराजच झाले.

शालूबाईंनी पाण्याची आख्खी बादली नवऱ्याच्या डोक्यावर ओतली. “कुठं लागलंय?”

“कुठंच न्हाय! मोजा बोटं!”

लालासाबांनी दोनदा मोजली. दहा भरली.

“हाय का रगताचा थेंब? अगं, रिंगण हुतं म्हणून वाचलो की समदी!”

शालूबाईंनी खोलीत जाऊन जमीन पाहिली. थेंब नव्हता, म्हणजे करवत राहिली. हंबीररावांना एकदम भरून आलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच एवढी माणसं त्यांचं ऐकत होती.

इथं थांबले असते तर! पण त्यांनी रंगाचा डबा काढला आणि सगळ्यांना खोलीत बोलावून फळीवर लिहिलं : ‘१३. लाईट नसतानाही प्लग लावू नये. बटणास कुंकू लावू नये.’ मग फळी भिंतीला धरून हातोडी उचलली.

“आण्णा, आज खंडेनवमी,” लालासाब म्हणाले. “पुजा झाल्यावर हत्यार धरत न्हाईत. मी परवा ठोकून देतो.”

“सेफ्टीला सुट्टी नसती, लालासाब!” हंबीररावांनी खिळा लावला आणि गर्दीकडं तोंड करून विचारलं, “हत्यार चालवताना नजर कुठं पायजे?”

हातोडी अंगठ्यावर बसली. नख फुटलं. पहिला थेंब जमिनीवर पडला, दुसरा फळीवर.

“हे करवतीनं न्हाय!” हंबीरराव कळवळत ओरडले. “हातोडीनं झालंय!”

“मी करवतीचं कुठं म्हनलं हुतं?” शालूबाई अंगठ्याला चिंधी बांधत म्हणाल्या. “खोलीचं म्हनलं हुतं. तुमीच लिवलंय की.”

लालासाबांनी फळी उचलून मोठ्यानं वाचली. “एक नंबर. या खोलीत...”

“माहीत हाय!”

दवाखान्यासाठी आणलेली बैलगाडी जुंपलेलीच होती. करवत तिच्यातून लालासाबांच्या दुकानात गेली आणि शेणी खोलीत परत आल्या. फळी तेवढी हंबीररावांनी ठेवून घेतली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लालासाब आले आणि दोन ठोक्यांत ती भिंतीला लावून गेले. हंबीरराव पाच फुटांवर उभे होते.